यशाचे श्रेय कोणाचे? परिश्रम, भाग्य आणि संधी



निकालांचे दिवस आले की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. एकाच वर्गात शिकलेली, एकाच अभ्यासिकेत रात्री जागवलेली दोन मुले. एक उत्तीर्ण होतो, दुसऱ्याचे दोन गुण कमी पडतात. पहिल्याच्या घरी पेढे वाटले जातात आणि लोक म्हणतात, "पोराने मेहनत केली, फळ मिळाले." दुसऱ्याच्या घरी येणारे हळू आवाजात म्हणतात, "नशिबात नव्हते, दुसरे काय!" मेहनत तर दोघांनीही केली होती. मग एकाच्या वेळी मेहनत आठवली आणि दुसऱ्याच्या वेळी नशीब, असे का?

आपल्या मनाचा हिशोब याहूनही विचित्र असतो. आपल्याला यश मिळाले तर ते आपल्या कष्टांचे असते आणि अपयश आले तर नशीब खोटे असते. शेजाऱ्याला यश मिळाले तर तो नशीबवान असतो आणि अपयश आले तर तो आळशी असतो. चारही उत्तरे आपल्याला सोयीची असतात. त्यातून आपला अहंकार सांभाळला जातो आणि दुसऱ्याविषयीची करुणा मात्र आटत जाते.

म्हणून यशात परिश्रमाचा वाटा किती, भाग्याचा किती आणि संधीचा किती, हा प्रश्न साधकाने नीट समजून घ्यायला हवा. परीक्षांच्या, नोकरीच्या आणि व्यवसायाच्या स्पर्धेत उतरलेले कितीतरी तरुण या प्रश्नाचे चुकीचे उत्तर मनात धरून खचून जातात. काही जण तेच चुकीचे उत्तर धरून उन्मत्तही होतात.

शास्त्र काय सांगते?

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवान श्रीकृष्ण कोणतेही कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगतात. अधिष्ठान, म्हणजे ज्याच्या आधारावर कर्म घडते ते. मग कर्ता. मग करण, म्हणजे इंद्रिये व साधने. मग नाना प्रकारच्या चेष्टा, म्हणजे प्रत्यक्ष प्रयत्न. आणि पाचवे कारण दैव.

या यादीकडे शांतपणे पाहिले की दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, दैवाला भगवंतांनी वगळलेले नाही. "सगळे तुझ्याच हातात आहे" असे त्यांनी अर्जुनाला सांगितले नाही. दुसरी, दैव हे पाचांपैकी एकच आहे. "सगळे लिहून ठेवलेले आहे, तू स्वस्थ बस" असेही ते म्हणाले नाहीत. लगेच पुढे ते सांगतात, की इतकी कारणे असताना जो फक्त स्वतःलाच कर्ता मानतो त्याची दृष्टी अपुरी आहे. यशाच्या क्षणी आपल्या सर्वांकडून नेमकी हीच चूक होते.

याज्ञवल्क्य स्मृतीत हाच विचार रथाच्या उपमेने आला आहे. एका चाकावर रथ चालत नाही, तसे पुरुषार्थावाचून दैव फळत नाही. महाभारताच्या अनुशासन पर्वात युधिष्ठिर भीष्म पितामहांना थेट विचारतो, की दैव आणि पुरुषार्थ यांत श्रेष्ठ कोण? पितामह त्याला ब्रह्मदेव आणि वसिष्ठ यांचा संवाद सांगतात. त्यात दैवाला बीज म्हटले आहे आणि पुरुषार्थाला शेत. बी कितीही उत्तम असले तरी न नांगरलेल्या शेतात ते वाया जाते. शेत कितीही कसलेले असले तरी बी नसेल तर पीक येत नाही.

योगवासिष्ठाची भूमिका आणखी ठाम आहे. तरुण वयात उदास झालेल्या श्रीरामांना वसिष्ठ ऋषी सांगतात, की ज्याला लोक दैव म्हणतात तो आपलाच पूर्वीचा पुरुषार्थ आहे. कालचा प्रयत्न आणि आजचा प्रयत्न दोन मेंढ्यांसारखे एकमेकांना टकरा देतात आणि जो बलवान असेल तो जिंकतो. कालचा मेंढा मोठा असेल, पण आजच्या मेंढ्याला चारापाणी घालणे आपल्या हातात आहे.

आरंभीची शिल्लक आणि आजची नोंद

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण हे तीन शब्द मला हिशोबाच्या वहीतून लवकर समजले. ज्यांना हे शब्द अवघड वाटतात त्यांच्यासाठी तीच उपमा इथे मांडतो.

नवीन आर्थिक वर्ष सुरू झाले की खात्यात सर्वप्रथम आरंभीची शिल्लक लिहावी लागते. मागच्या वर्षाच्या अखेरीस जे उरले तेच या वर्षी पहिल्या ओळीत येते. कोणाची शिल्लक जमेची असते, कोणाची तुटीची. ती आवडो वा न आवडो, लिहावी लागतेच. आपला जन्म कोणत्या घरात झाला, शरीर निरोगी मिळाले की नाही, वडिलांना शिक्षणाचा खर्च झेपत होता की नाही, गावात शाळा होती की नव्हती, ही आपली आरंभीची शिल्लक आहे. आजवरची सगळी साठवण म्हणजे संचित. त्यातला जो भाग या जन्मी भोगण्यासाठी पुढे आला तो प्रारब्ध.

पण पहिल्या ओळीने वही संपत नाही. तिच्याखाली वर्षभराची पाने कोरी असतात. त्यांवर रोज जी नोंद पडते ते क्रियमाण कर्म. तुटीने सुरू झालेले दुकान वर्षअखेर सावरलेले दिसते आणि भरलेल्या तिजोरीने सुरू झालेली पेढी बुडालेलीही दिसते.

वहीखात्याचा आणखी एक नियम साधकाने मनात ठेवण्यासारखा आहे. जुनी नोंद चुकलेली आढळली तर ती खोडून टाकायची नसते. खाडाखोड केलेल्या वहीवर कोणी विश्वास ठेवत नाही. त्यासाठी आजच्या तारखेला दुरुस्तीची नवी नोंद करायची असते. जीवनातही काल पुसता येत नाही. कालची दोन वर्षे वाया गेली असतील तर त्यांच्यावर रडत बसणे म्हणजे जुने पान खरवडत बसणे आहे. आज पहाटे उठून तासभर मन लावून केलेला अभ्यास हीच दुरुस्तीची नोंद.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. दुसऱ्याची आरंभीची शिल्लक पाहून त्याच्याविषयी निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. "हा गरीब आहे, म्हणजे याने पूर्वी पाप केले असेल" असे म्हणणे म्हणजे कर्मसिद्धांताचा दुरुपयोग. प्रारब्धाचा विचार स्वतःच्या दुःखात धीर धरण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखासमोर आपल्याला कर्तव्य आठवले पाहिजे.

संधी म्हणजे वाफसा

परिश्रम आणि भाग्य यांच्यामध्ये तिसरी गोष्ट आहे, संधी. आपल्या शेतकऱ्यांकडे तिच्यासाठी फार सुंदर शब्द आहे, वाफसा.

जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मृग नक्षत्र लागते. पाऊस पडतो. पण पाऊस पडला म्हणून त्याच दिवशी पेरणी होत नाही. जमीन चिखल असेल तर पाभर चालत नाही, बी कुजते. फार कोरडी झाली तर बी उगवत नाही. माती धड ओलीही नाही आणि धड कोरडीही नाही, बियाला ओलावा आणि हवा दोन्ही मिळेल, अशी स्थिती आली की शेतकरी म्हणतो, "वाफसा आला." तो फार दिवस टिकत नाही. ज्याने उन्हाळ्यात नांगरट केली, ढेकळे फोडली, धसकटे वेचली, बियाणे आणून ठेवले, तोच वाफसा साधतो. ज्याने पाऊस पडल्यावर नांगर शोधायला सुरुवात केली त्याच्या शेतावरही तोच पाऊस पडलेला असतो, पण त्याचा वाफसा निघून जातो.

यात तिन्ही गोष्टी स्पष्ट दिसतात. पाऊस हे दैव, तो मागून मिळत नाही. उन्हाळ्यातली नांगरट हा पुरुषार्थ, तो कोणाच्या परवानगीवर अवलंबून नाही. वाफसा ही संधी, जिथे दैव आणि पुरुषार्थ काही काळ एकत्र येतात. संधी येईल तेव्हा तयारी करू, असे म्हणणाऱ्याला संधी आलेली कळतसुद्धा नाही.

आणि ज्याने सगळे वेळेवर केले त्याचे काय? त्यालाही कधी दुबार पेरणी करावी लागते. वाफशावर पेरले, अंकुर वर आले आणि पावसाने तीन आठवडे दडी मारली, तर उगवलेले करपते. मराठवाड्यात आणि विदर्भात हे दुःख पाहिलेली कितीतरी घरे आहेत. त्या शेतकऱ्याला "तुझी मेहनत कमी पडली" असे कोणी म्हणू शकेल का? म्हणून "मेहनत करणाऱ्याला यश मिळतेच" हे वाक्य कितीही उत्साहाचे असले तरी ते पूर्ण सत्य नाही. मेहनत करणाऱ्याची जमीन तयार राहते, एवढे मात्र निश्चित.

एका पत्राची कथा

आता एका अशा पुरुषाचे जीवन पाहू, ज्यात परिश्रम, भाग्य आणि संधी या तिन्ही गोष्टी जवळजवळ वेगवेगळ्या करून दाखवता येतात. ते म्हणजे थोर गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन. त्यांच्या जन्मदिनी, 22 डिसेंबरला, आपण राष्ट्रीय गणित दिवस साजरा करतो.

1887 साली तमिळ प्रदेशातील इरोड येथे त्यांचा जन्म झाला आणि बालपण कुंभकोणमला गेले. वडील कापड दुकानात कारकून होते. शाळेत असताना त्यांच्या हाती कार नावाच्या इंग्रज लेखकाचा, गणिताच्या हजारो सिद्धांतांची जंत्री असलेला एक ग्रंथ आला. त्यात सविस्तर सिद्धता जवळजवळ नव्हत्या. बहुतेक विद्यार्थ्यांनी तो कंटाळून बाजूला ठेवला असता. रामानुजन यांनी एकेक सिद्धांत स्वतः सोडवायला घेतला आणि मग स्वतःचे नवे सिद्धांत शोधू लागले. कागद महाग होता, म्हणून ते पाटीवर आकडेमोड करीत आणि फक्त शेवटचे उत्तर वहीत उतरवीत.

गणिताशिवाय दुसऱ्या विषयात मन लागेना, म्हणून महाविद्यालयाची शिष्यवृत्ती गेली. परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले, पुन्हा बसले, पुन्हा अनुत्तीर्ण झाले. पदवी मिळालीच नाही. जगाच्या वहीत त्या काळी त्यांच्या नावापुढे केवळ तूट लिहिलेली होती. पण त्यांच्या स्वतःच्या वह्या भरत चालल्या होत्या.

1912 साली मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशोब विभागात त्यांना महिना 30 रुपयांवर कारकुनाची नोकरी मिळाली. तिथले मुख्य हिशोबनीस नारायण अय्यर स्वतः गणिताचे जाणकार होते. त्यांनी आणि इतर काही हितचिंतकांनी रामानुजन यांना परदेशातील गणितज्ञांना लिहिण्याचा आग्रह केला. केंब्रिजच्या इतर गणितज्ञांकडून काही मदत झाली नाही. 16 जानेवारी 1913 रोजी त्यांनी जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले आणि सोबत सिद्धांतांची पाने जोडली.

हार्डी यांना प्रथम वाटले, हा कोणी फसवणारा असावा. अनोळखी माणसाचे, दूर देशाहून आलेले, पदवी नसलेल्या कारकुनाचे पत्र. ते टोपलीत गेले असते तर कोणी दोष दिला नसता. पण हार्डी यांच्या मनातून ती पाने जाईनात. त्यांनी आपले सहकारी लिटलवुड यांना बोलावले, दोघांनी बसून सिद्धांत तपासले आणि त्यांची खात्री पटली, की हे काम खरे आहे. त्यानंतर मद्रास विद्यापीठाने रामानुजन यांना महिना 75 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. 17 मार्च 1914 रोजी ते इंग्लंडला निघाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिल्या महायुद्धात इंग्लंड उतरले. प्रवास काही महिने लांबला असता तर पुढे काय झाले असते, सांगता येत नाही. 1918 साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. प्रकृती मात्र ढासळत गेली. 26 एप्रिल 1920 रोजी, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

आता हिशोब मांडू. प्रतिभा ही जन्मजात देणगी होती. रामानुजन तर तिचे श्रेय स्वतःकडे न घेता नामक्कलच्या नामगिरी देवीला देत. पाटी झिजेपर्यंत केलेले काम हा पुरुषार्थ होता. नारायण अय्यर ज्या कार्यालयात होते तिथेच नोकरी मिळणे, हार्डी यांनी पत्र न फेकणे, युद्धाआधी जहाज सुटणे, हे सगळे त्यांच्या हाताबाहेरचे होते. ज्या दिवशी हार्डी यांनी पाकीट फोडले, त्या दिवशी आत दाखवण्यासारखे काही होते, कारण मागची दहा वर्षे कोणी पाहत नसतानाही वह्या भरल्या जात होत्या. आणि वह्या कितीही भरलेल्या असत्या तरी पाकीटच कोणी उघडले नसते तर? आपल्या देशात अशा किती वह्या न उघडता राहिल्या असतील?

साधकहो, या शेवटच्या प्रश्नावर थोडे थांबावे. यशाच्या कथा आपण नेहमी पत्र लिहिणाऱ्याच्या बाजूने वाचतो. पत्र उघडणाऱ्याच्या बाजूने क्वचितच वाचतो. या विषयाकडे आपण पुन्हा येऊ.

फळ न मिळाल्यास

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांना तरुणपणी हवाई दलात वैमानिक व्हायचे होते. डेहराडूनला निवड झाली तेव्हा आठ जागा होत्या आणि कलाम नवव्या क्रमांकावर आले. खिन्न मनाने ते ऋषिकेशला गेले आणि तिथे स्वामी शिवानंदांना भेटले. स्वामीजींनी त्यांना समजावले, की वैमानिक होणे तुझ्यासाठी ठरलेले नाही, हे अपयश मागे टाक आणि ज्यासाठी तू आला आहेस त्याचा शोध घे. पुढे ते देशाच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमाचे शिल्पकार झाले, राष्ट्रपती झाले. राष्ट्रपती या नात्याने ते तिन्ही दलांचे सर्वोच्च सेनापती होते आणि 2006 साली पुण्याच्या लोहगाव तळावरून त्यांनी सुखोई विमानातून उड्डाणही केले.

ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. पण तिचा अर्थ "एक दार बंद झाले की त्याहून मोठे दार उघडतेच" एवढाच घेतला तर फसगत होईल. निवड न झालेला प्रत्येक उमेदवार राष्ट्रपती होत नाही. कितीतरी प्रामाणिक माणसांना आयुष्यभर मोठे यश मिळत नाही. मग त्यांचे परिश्रम व्यर्थ गेले का?

इथे अध्यात्माचे उत्तर जगाच्या उत्तराहून वेगळे आहे. कर्माची दोन फळे असतात. एक बाहेर दिसते. नोकरी, पदक, पैसा. ते अनेक कारणांवर अवलंबून असल्याने उशिरा येते, कमी येते, कधी येतच नाही. दुसरे फळ आत पडते. रोज ठरल्या वेळी उठणाऱ्याची इच्छाशक्ती वाढते. अवघड विषयाशी झुंजणाऱ्याची एकाग्रता वाढते. अपयश पचवणाऱ्याची सहनशक्ती वाढते. हे फळ लगेच जमा होते आणि कोणताही परीक्षक ते कापू शकत नाही. गीता फळाची आसक्ती सोडायला सांगते तेव्हा ती पहिल्या फळाविषयी बोलते. दुसरे फळ तर सोडू म्हटले तरी सुटत नाही. तेच चित्ताचा संस्कार होऊन पुढे चालत राहते.

म्हणून ज्या तरुण साधकाचा निकाल यंदा मनासारखा लागला नाही त्याने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. माझ्या हातात जे होते ते मी केले का? नसेल, तर लाज न बाळगता आजपासून दुरुस्तीची नोंद करावी. केले असेल, तर मान खाली घालण्याचे कारण नाही. परीक्षेने त्या दिवसाची उत्तरपत्रिका तपासली आहे, तुमच्या आयुष्याची किंमत ठरवण्याचा अधिकार तिला नाही. पुन्हा बसायचे की मार्ग बदलायचा, हा निर्णय शांत मनाने, घरच्यांशी बोलून घ्यावा. मन फारच अंधारून आले तर एकटे राहू नये. आई-वडील, गुरुजन, मित्र, डॉक्टर यांच्याशी मोकळेपणाने बोलावे. मदत मागणे हाही पुरुषार्थच आहे.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलाचा निकाल कमी लागला त्या संध्याकाळी शेजारच्या मुलाचे नाव घरात घेऊ नका. त्या दिवशी त्याला तुमच्या मताची गरज नसते, तुमच्याजवळ बसून जेवण्याची गरज असते.

दुसऱ्याची संधी होणे

आता हार्डी यांच्या बाजूने पाहू. एका माणसाने एक संध्याकाळ अनोळखी पत्रासाठी दिली आणि दुसऱ्याचे भाग्य उजळले. म्हणजे ज्याला आपण दैव म्हणतो त्यातला मोठा भाग दुसऱ्या माणसांचे पुरुषार्थ असतात. माझे भाग्य म्हणजे माझ्या आईने उपाशी राहून भरलेली फी. माझे भाग्य म्हणजे सुट्टीच्या दिवशीही शिकवायला येणारे गुरुजी. स्वतःचे भाग्य मला घडवता येत नसेल, पण दुसऱ्याचे भाग्य होणे माझ्या हातात आहे.

महाराष्ट्राने याचे मोठे उदाहरण पाहिले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पुढे साताऱ्याला वसतिगृह सुरू झाले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत, एकत्र जेवत. 1927 साली महात्मा गांधी तिथे आले होते. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी पैसे कमी पडले तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले.

कर्मवीरांनी मुलांना फुकट काही दिले नाही, "कमवा आणि शिका" ही योजना दिली. मुले शेतात, बांधकामावर घाम गाळीत आणि शिकत. कष्ट मुलांचे होते, दार कर्मवीरांनी उघडले होते. त्या मुलांच्या बापजाद्यांनीही पिढ्यान्‌पिढ्या कष्टच केले होते. कष्टांची कमतरता त्या घरांत कधीच नव्हती. दार बंद होते, एवढेच. ते उघडल्यावर त्याच कष्टांतून शिक्षक, अधिकारी, शास्त्रज्ञ घडले. गरिबाला "मेहनत कर" एवढाच उपदेश करणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर आठवावे.

ताळेबंदाला दोन बाजू असतात. एका बाजूला मालमत्ता, दुसऱ्या बाजूला भांडवल आणि देणी. यशस्वी माणूस आपल्या जीवनाचा ताळेबंद मांडताना मालमत्ता बारकाईने लिहितो आणि देण्यांची बाजू कोरी ठेवतो. मग दोन्ही बाजू जुळणार कशा? आपल्या ऋषींनी देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण सांगितले ते याचसाठी. ज्याला आपली देणी दिसतात त्याचा अहंकार आपोआप उतरतो आणि त्याच्या हातून सेवा उपकार म्हणून होत नाही, परतफेड म्हणून होते.

साधकाचा नित्यक्रम

हा विचार वाचून सोडून देण्यासाठी नाही. पुढील चार गोष्टी एक महिना करून पाहाव्यात.

1. सकाळी प्रार्थनेनंतर आजच्या दिवसातले आपल्या हातात असलेले एकच मुख्य काम ठरवावे आणि ते प्रथम करावे. निकालाची चिंता मनात आली तर तिला सांगावे, "तो विभाग माझा नाही."

2. रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे दिवसाची रोजकीर्द लिहावी. जमेच्या बाजूला आज कोणाकडून काय मिळाले ते. नावेच्या बाजूला आज आपण कोणाला काय दिले ते. पहिली बाजू नेहमी मोठी निघते, हे काही दिवसांतच लक्षात येईल.

3. यश मिळाले की पेढा तोंडात घालण्यापूर्वी ज्यांच्यामुळे ते शक्य झाले अशा तीन व्यक्तींची नावे आठवावीत. शक्य असेल तर त्याच दिवशी त्यांना फोन करावा.

4. महिन्यातून एकदा तरी कोणाची तरी संधी व्हावे. आपली जुनी पुस्तके एखाद्या विद्यार्थ्याला द्यावीत, त्याला अर्ज भरायला मदत करावी, कामाच्या ठिकाणी नवख्या माणसाला दोन गोष्टी शिकवाव्यात, जागा निघाली असेल तर गरजूला कळवावे. यासाठी धन लागत नाही, लक्ष लागते.

उपसंहार

परिश्रम आपला धर्म आहे, म्हणून तो पूर्ण मनाने करावा. भाग्य ईश्वराधीन आहे, म्हणून जे येईल ते प्रसाद समजून घ्यावे. संधी आली तर ती साधण्यासाठी जमीन नांगरून ठेवावी. आणि आपल्याला मिळालेली प्रत्येक संधी कोणाचे तरी देणे आहे हे ओळखून ती पुढे द्यावी. असा साधक यशाने फुगत नाही आणि अपयशाने मोडत नाही, कारण यशाचे संपूर्ण श्रेय त्याने कधी घेतलेलेच नसते आणि अपयशाचा संपूर्ण दोषही तो एकट्याच्या माथी मारत नाही.

हे प्रभो, माझ्या हातांना कामाची गोडी दे. मिळाले तर नम्रता दे, न मिळाले तर धीर दे. आणि माझ्या दारावर कोणी थाप मारली, तर उठून ते उघडण्याची बुद्धी मला दे.

सर्वांचे कल्याण होवो.